खरवडलेलं दार

आमच्या ह्यांना एका जागी बसवत नाही. चहा घेतात तो उभ्याने, फोनवर बोलतात ते हॉलला फेऱ्या घालत, आणि टीव्हीवर बातम्या लावून बसले तर पहिली जाहिरात यायच्या आत उठून बाल्कनीत जातात. पाहुणे म्हणतात, या वयात काय उत्साह आहे. उत्साह कसला डोंबलाचा. आत काहीतरी सलत असलं की माणूस असा करतो. काय सलत होतं ते मला चार वर्षं कळलं नाही, आणि कळलं तेव्हा माझ्या पायाला बँडेज होतं.

हे ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षं एकाच आर्किटेक्टच्या कचेरीत काढली. इमारतीचा विचार साहेबांचा, सही साहेबांची, पण कागदावरची रेघ न् रेघ ह्यांची. बाकीची पोरं कॉम्प्युटरवर गेली तरी साहेब जुन्या वळणाचे. पहिला आराखडा त्यांना हातानेच काढलेला लागायचा. ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन आणि दाढीचं अर्धं ब्लेड. ब्लेड अशासाठी, की ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही, ती खरवडून काढावी लागते. जोर लागला तर कागद फाटतो, कमी पडला तर डाग राहतो. ह्यांचा हात असा, की खरवडलेली जागा कुणाला सापडायची नाही. उजेडाला धरलं तरच तिथे कागद जरा पांढुरका दिसतो. हे सगळं मला पाठ आहे, कारण आमच्याकडे जेवताना दुसरा विषयच नसायचा.

आधी आम्ही जुन्या वस्तीत राहायचो. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी शिवणकाम करायची. कुणाच्या पँटची लांबी कमी कर, कुणाची चेन बदलून दे, असलं बारीकसारीक. दिवसातून किती वेळा खाली उतरत असेन, देव जाणे. दोरा संपला, चला खाली. बटणं जुळवायची, चला कोपऱ्यावर. दूध, पाव, लेकीची शाळा, दवाखाना, पोस्ट, सगळं पायाखालचं. आपण चालतोय असं कधी मनातसुद्धा आलं नाही. कामाला चाललोय एवढंच असायचं. वाटेत चार जणी भेटायच्या आणि त्यांच्या तावडीतून सुटेपर्यंत पाय मोडायचे. तेव्हा मला कुणी व्यायाम करा म्हणून सांगितलं असतं ना, तर त्याच्याच हातात पिशव्या दिल्या असत्या.

मग ह्यांच्या कचेरीने आखलेली ही वसाहत उभी राहिली. शहाण्णव घरं, चार इमारती, मधे बाग. साहेबांनी जुन्या माणसांना सवलतीत घर देववलं, आणि ह्यांच्या आग्रहाने ते माझ्या नावावर झालं. चौथा मजला, बाल्कनी, आणि दोन माणसं एकमेकांना कोपर न लावता उभी राहतील असं स्वयंपाकघर. मी हरखून गेले होते, ते कबूल करायलाच हवं. जुन्या शेजारणींना घर दाखवायला मी आठ वेळा चहा केला असेल. माहितीपत्रकावर छापलं होतं, ‘बाजार, शाळा, बसथांबा, सगळं पाच मिनिटांच्या चालीवर.’ आणि बाल्कनीतून बघितलं की बाजार खरंच समोर. भाजीवालीचा तराजू कुठल्या बाजूला झुकतो तेसुद्धा दिसायचं. मधे फक्त आमची मागची भिंत. आठ फूट उंच आणि वर काचा.

फाटक मात्र नेमकं उलट्या अंगाला, हमरस्त्यावर. फाटकातून निघायचं, हमरस्त्याच्या कडेने जायचं, पेट्रोल पंपाला वळसा घालायचा, पुलाखालून यायचं, की आलाच तो समोरचा बाजार. अडीच किलोमीटर. हमरस्त्याला फूटपाथ नाही. एक पांढरा पट्टा आहे. पट्ट्याच्या आत ट्रक आणि बाहेर गटार. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चालत गेले, तिसऱ्यांदा गाडी मागवली. मग गाडीच मागवत राहिले. मग म्हटलं गाडी तरी कशाला, फोन केला की माणूस दारात आणून देतो. अशी दोन वर्षं गेली. माझं वजन अकरा किलोंनी वाढलं आणि साखर निघाली.

आमच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, “काकू, रोज पाऊण तास चाला.”

“कुठे?”

“कुठेही.”

“कुठेही म्हणजे कुठे, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या.”

त्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

बागेत गोल पायवाट आहे, नव्वद मीटरची. गेले ना मी तिथेही. घाण्याच्या बैलासारखी फिरले. दुसऱ्या फेरीला तोच बाक, तीच कुंडी, आणि त्या बाकावर बसलेले तेच आजोबा. पहिल्यांदा ते हसतात, दुसऱ्यांदा मान हलवतात, पाचव्यांदा त्यांनाही कळत नाही आता काय करावं, मग ते पेपर तोंडापुढे धरतात. माणूस भाजी आणायला कितीही चालेल हो, पण उगाच गोल फिर म्हटलं की चौथ्या दिवशी त्याला घरातली कामं आठवतात. मलाही आठवली.

मग लेकीने परदेशातून एक घड्याळ पाठवलं. मनगटाला बांधायचं, ते पावलं मोजतं आणि आकडा तिकडे तिच्या फोनवर दिसतो. रोज रात्री जेवणाआधी फोन. “आई, आज फक्त अकराशे?” सासूने कधी एवढा हिशेब विचारला नव्हता. एक दिवस मला युक्ती सुचली. माझं शिलाई मशीन पायाचं. घड्याळ घोट्याला बांधलं आणि दोन पडदे शिवले. संध्याकाळी आकडा नऊ हजारांवर. लेक म्हणाली, “आई, मानलं बाई तुला.” मीही मग मागे वळून बघितलं नाही. सगळ्या इमारतीचे पडदे शिवले, मागायला कुणी आलं नव्हतं तेही. हे सगळं बघत होते आणि खोलीभर फेऱ्या घालत होते, पण एक शब्द बोलले नाहीत.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, घड्याळाचा आकडा बघितला, पुन्हा रिपोर्ट बघितला. “रोज नऊ हजार पावलं आणि साखर वरच?”

हे खिडकीशी उभे होते. तिथूनच म्हणाले, “ती मशीनची पावलं आहेत.”

असा माणूस. जन्म मापात गेलेला, खोटं माप त्याच्याने बघवत नाही. मी घरी येईपर्यंत बोलले नाही, आणि घरी आल्यावर जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्या रागातच मी दुसऱ्या दिवसापासून खरोखर चालायला निघाले. हमरस्त्याने. म्हटलं, बघतेच. नवव्या दिवशी एका ट्रकने मागून एवढ्या जोरात हॉर्न वाजवला की मी कडेला उडी मारली, ती थेट गटाराच्या काठावर. चप्पल एकीकडे आणि मी एकीकडे. उठले, कपडे झटकले, घरी आले. लागलं काहीच नाही, निदान मला तरी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखे येरझाऱ्या घालत होते आणि मधेच थांबले. फरशीवर डाग होते, बाल्कनीपासून ओट्यापर्यंत, एकाआड एक. ते डागांच्या मागे मागे आले आणि ओट्याशी मी उभी होते.

चप्पल निघाली तेव्हा काच घुसली होती. तीन दिवस मी त्या काचेवर चालत होते. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाल्या, तळव्याला बारीक तार लावते, लागली की सांगा. मी वाट बघत राहिले. शेवटी म्हटलं, अहो, लावा की. त्या म्हणाल्या, “दहा वेळा लावून झाली, काकू.” डोळे उघडले तर हे भिंतीकडे तोंड करून उभे.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. बोटं काळी पडायला लागली आहेत. सध्या पाय टेकायचा नाही. जखम भरली तर उत्तम, नाही तर बोटं काढावी लागतील. आणि साखर आटोक्यात आली नाही तर प्रकरण बोटांवर थांबणार नाही. दुसरा पायही याच वाटेवर आहे. जखम भरल्यावर रोज चाललंच पाहिजे, थोडं थोडं पण रोज, सपाट आणि सुरक्षित जागी. मी घाबरले. आजवर मी कुणासमोर घाबरले असं म्हटलेलं नाही, पण त्या दिवशी गाडीत बसून मी ह्यांना म्हटलं, मला भीती वाटतेय. ह्यांनी हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी माळ्यावरून पत्र्याची लांब नळी काढली. जुनी ट्रेसिंग्ज त्यात असतात, मला ठाऊक होतं. एक मोठा कागद त्यांनी बाल्कनीच्या काचेला चारी कोपऱ्यांनी चिकटवला. आमची वसाहत. मी खुर्चीत, पाय स्टुलावर. सकाळचं ऊन काचेतून आरपार येत होतं. कागदावर मधोमध कंपासने काढलेलं एक वर्तुळ होतं, आणि वर्तुळात बाजार, शाळा, बसथांबा, सगळं कसं मावलं होतं.

“हे वर्तुळ कसलं?”

“चारशे मीटरचं. मंजुरीला दाखवावं लागतं. बाजार चारशे मीटरच्या आत हवा, असा नियम.”

“आणि भिंत?”

“वर्तुळाला भिंत लागत नाही,” हे म्हणाले. “कंपास मधल्या बागेत टेकवला आणि फिरवला. पंख असलेल्याचं अंतर ते. आम्ही सगळे असंच काढायचो. कुणी चालून बघत नसे.”

मी हसायच्या बेतात होते. तेवढ्यात मला मागच्या भिंतीच्या रेघेत तो ठिपका दिसला. पांढुरका, खरखरीत, नखाएवढा. बरोबर बाजाराच्या समोर.

“अहो, इथे काय होतं?”

हे येरझाऱ्या घालायचे थांबले. गेल्या चार वर्षांत पहिल्यांदा हा माणूस एका जागी उभा राहिलेला मी बघितला.

“दार होतं,” ते म्हणाले. “छोटं. एका वेळी दोन माणसं जातील एवढं. वसाहत बांधणाऱ्या मालकांना नको होतं. चोरवाट होईल म्हणाले. साहेब म्हणाले काढून टाक.”

“आणि तुम्ही काढलंत.”

“काढलं.”

“आणि त्याच घरात मला आणून ठेवलंत. चार वर्षं मी इथे उभी राहून त्या भाजीवालीचा तराजू बघतेय. मशीनची पावलं म्हणून डॉक्टरांसमोर माझं नाक कापलंत, आणि स्वतःचं हे वर्तुळ माळ्यावर गुंडाळून ठेवलंत.”

“नोकरी होती गं.”

“नोकरी तेव्हा होती. नंतर तोंड होतं ना?”

मी अबोला धरला. पाय वर ठेवून अबोला धरणं फार कठीण, कारण पाणीसुद्धा त्याच माणसाकडे मागावं लागतं. मी पेल्याकडे बोट दाखवायची.

अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी हे वही घेऊन बाहेर पडले. भिंतीला दार पाडायचं तर सोसायटीच्या दोन-तृतीयांश घरांचा होकार लागतो. शहाण्णवातले चौसष्ट. आजवर लिफ्टमध्येसुद्धा कुणाशी न बोललेला माणूस, घरोघर जाऊन बेल वाजवायला लागला. वर विचारायचं काय, तर “काल तुम्ही घराबाहेर किती चाललात?” आणि “घरात गोळ्या कुणाला चालू आहेत?” पहिल्या दिवशी निम्म्यांना वाटलं विमा विकायला आलेत. एका बाईंनी दार लावून घेतलं. एक गृहस्थ चिडले, माझं ब्लडप्रेशर ही माझी खासगी बाब आहे म्हणाले, आणि मग दारातच अर्धा तास त्या ब्लडप्रेशरची सगळी कहाणी सांगत बसले.

हळूहळू मात्र लोक बोलायला लागले. दुसऱ्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका सात महिन्यांत फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. हमरस्ता ओलांडायचा या कल्पनेनेच त्यांची छाती धडधडायची. तळमजल्यावरचं तरुण जोडपं पाव आणायलाही गाडी काढायचं, आणि त्यातल्या नवऱ्याला बत्तिसाव्या वर्षी गोळी सुरू झाली होती. शाळा भिंतीपलीकडे, पण मुलं बसने जायची आणि बस पाऊण तास फिरायची. हे संध्याकाळी घरी येऊन सगळं मोठ्याने वाचायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते म्हणून भिंतीला वाचून दाखवायचे. ऐकत मात्र मी होते. शहाण्णव घरांपैकी एकाहत्तर घरांत गोळ्यांचा डबा निघाला. आम्ही चार वर्षं एकमेकांना लिफ्टमध्ये ‘कसं काय, बरं आहे ना’ म्हणत होतो.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये. मला खुर्चीसकट लिफ्टने खाली आणलं. एका खुर्चीवर मी, दुसरीवर माझा पाय. अध्यक्ष टायरचे व्यापारी, आवाज दणदणीत. ते म्हणाले, दार पाडलं की पलीकडची माणसं आत येणार, मग चोऱ्यामाऱ्या, मग जबाबदारी कुणाची? बऱ्याच माना हलल्या. तेव्हा आमचा रखवालदार मागून म्हणाला, “साहेब, मी पलीकडेच राहतो.” सगळे वळले. तो म्हणाला, “रोज अडीच किलोमीटर चालून इथे राखण करायला येतो. दुपारचा डबा बायको भिंतीवरून दोरीने सोडते.” अध्यक्षांनी घसा साफ केला. तुझी गोष्ट वेगळी आहे, म्हणाले.

मग हे उभे राहिले. ट्रेसिंग दोघांनी धरलं, ह्यांनी वर्तुळ दाखवलं, वाट दाखवली, वहीतले आकडे वाचले. नाव एकाचंही घेतलं नाही. चांगलं बोलले. शिक्षिकाबाई डोळे पुसत होत्या. अध्यक्षांनी विचारलं, “नकाशा तुमचाच ना? मग तेव्हाच दार का नाही ठेवलं?”

“त्या वेळी मालकांची तशी इच्छा नव्हती,” हे म्हणाले. “कचेरीला मालकांचं ऐकावं लागतं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मालक, कचेरी, साहेब. सगळे आले, एकच माणूस आला नाही.

हात वर करायला सांगितले. सेक्रेटरींनी दोनदा मोजले. त्रेसष्ट. हे गर्दीवरून नजर फिरवत होते, कोण राहिलं, कोण राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. घर माझ्या नावावर, मत माझं, आणि माझे दोन्ही हात मांडीवर. खरं सांगते, पाय माझा होता, बोटं माझी जाणार होती, त्या दाराची गरज तिथे माझ्याइतकी कुणालाच नव्हती. पण हात उचलवेना.

“अहो,” मी सगळ्यांसमोर म्हटलं, “ब्लेड कुणाच्या हातात होतं?”

लोकांना काहीच कळलं नाही, पण नवराबायकोचं काहीतरी आहे एवढं सगळ्यांना कळलं, आणि ते असलं की कुणी हलत नाही.

“माझ्या,” हे म्हणाले.

“तेव्हा कळत होतं तुम्हाला?”

“कळत होतं.” त्यांनी कागद धरणाऱ्यांकडे बघितलं, मग खाली. “दार आधी होतं, मीच आखलेलं. ते माझ्या हाताने खरवडलं. दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी खरवडलं. पाच मिनिटांची चाल छापून आली, ती खोटी आहे हे मला चांगलं माहीत होतं. मी साहेबांना म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.”

“आणि मला?”

ते माझ्याकडे वळले. “तू घर बघून इतकी खूश होतीस.”

मी हात वर केला. रागानेच केला, पण केला. सेक्रेटरी म्हणाले, चौसष्ट.

दार पाडायला नगरपालिकेची परवानगी लागते, त्यात दोन महिने गेले. हे रोज तिथे जाऊन बसायचे, म्हणजे उभे राहायचे. त्या दोन महिन्यांत माझी जखम भरली नाही. डाव्या पायाची तीन बोटं काढली. ऑपरेशनच्या आधी ह्यांनी डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठून विचारलं, चार वर्षांपूर्वीपासून ही रोज चालत राहिली असती, तर? मी स्ट्रेचरवर होते, मला ऐकू येत होतं, आणि मनात म्हणत होते, खोटं सांग गं बाई, काय जातं तुझं. त्या म्हणाल्या, “खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, काका. पण बहुतेक ही वेळ आली नसती.”

दार झालं. लोखंडी, हिरवं, सकाळी सहा ते रात्री आठ उघडं. पहिल्या दिवशी मुलं नुसतीच आतबाहेर पळत होती. शिक्षिकाबाई दोन केळी घेऊन आल्या आणि ती सगळ्यांना दाखवत फिरल्या, जणू त्यांनी पिकवली होती. अध्यक्षांनी हात वर केला नव्हता, पण आता रोज सातला तेच पहिले बाहेर पडतात. चोर अजून आलेला नाही. हे मात्र त्या दारातून गेले नाहीत. बाजारहाट करायला पेट्रोल पंपाला वळसा घालून जायचे, अडीच किलोमीटर. मी बाल्कनीतून बघायची.

मला चालायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी काठी घेतली, पुढून भरलेला खास बूट घातला आणि म्हटलं, चला. दाराशी आलो. मी उंबरा ओलांडला, आणि हे अलीकडेच. एक हात चौकटीवर. माझ्या मागे तीन माणसं खोळंबली.

“येताय की नाही? मला पिशवी धरवत नाही.”

मग आले. डोळे भरले होते, पण पिशवी घेतली.

भाजीवाली मला म्हणाली, तुम्ही वर बाल्कनीत उभ्या असता ना? मी म्हटलं, हो, तीच मी. परत निघताना ह्यांनी सवयीने पावलं मोजली असणार, कारण दाराशी पोचल्यावर हळूच म्हणाले, “दोनशे बारा.”

मीही मोजली होती. म्हटलं, “माझी तीनशे सव्वीस झाली.”

वाट तीच, माणसं दोन. त्यांनी माझ्या बुटाकडे बघितलं आणि त्यानंतर आकडा कधी काढला नाही. आता रोज सकाळी आम्ही जातो. त्यांच्या पायांना कुठे थांबणं माहीत नाही, तरी ते माझ्या पावलाला पाऊल लावून चालतात, माझ्याइतकंच हळू, माझ्याइतकंच तोकडं. त्याचा मला राग येतो. एखाद्या दिवशी विसरून ते दोन पावलं पुढे गेले, तर त्याहून जास्त येतो.